बारा खुर्च्या, दोन वॅट

दि. ६ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मागे तुझ्या यंत्रांची शिटी चालू असते. पत्राला 'हं' म्हणून भागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

ग्रंथालयाच्या श्रवणकक्षात आवाज उतरला आहे. तुला ती खोली आठवते ना? दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक छोटा प्लेअर आणि टेबलाला ठोकलेला माझ्या हातचा पत्र्याचा डबा, त्यात हेडफोनची पिन घालायची. रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. तुझ्या मामीने वाचलेली पुस्तकं तिथे अजून ऐकली जातात, आणि शाळेतल्या कवितांचे तिचे ते तास. परवा सात नंबरला बसून तिची मंदाक्रांता ऐकली. पहिल्या चार गुरू अक्षरांनंतर ती थांबायची आणि एक बारीक श्वास घ्यायची. तो श्वासच ऐकू आला नाही. डोळे मिटले की मला तो वर्ग दिसायचा, शाईचे डाग पडलेली बाकं दिसायची, आणि सगळी मुलं तिच्याबरोबर तिथेच थांबलेली. आता कोणी थांबलेलं दिसत नाही.

झालं असं, की जुन्या हेडफोनच्या गाद्या फाटल्या म्हणून एका देणगीदाराने बारा नवे दिले. तेव्हापासून हे चाललंय. कार्यवाहांनी एक विक्रेता आणला. त्याने आवाज वाढवायचं एक काळंशार यंत्र आणून सात नंबरच्या डब्याला जोडलं, त्याचं बटण फिरवलं आणि काय सांगू, आवाज खणखणीत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विक्रेता म्हणाला, "आजकालचे हेडफोन भुकेले असतात हो आजोबा. दोन वॅट तरी लागतातच."

कार्यवाहांनी तिथल्या तिथे ठरवलं. यंत्रं चारच झेपतील, तेव्हा खुर्च्या चार. उरलेल्या आठ खुर्च्यांच्या जागी बैठकीची खोली. वाचक पाळीपाळीने येतील. सात नंबरला रोज बसणारे सुतारकाका ताडकन म्हणाले, "पाळी लावायला हे काय केस कापायचं दुकान आहे?"

सभा वीस मार्चला आहे. तू हेडफोनची यंत्रं मोजण्याच्याच नोकरीत आहेस. मला एकच सांग, दोन वॅट खरंच लागतात का?

तुझा,
मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. मामास नमस्कार.

नाही लागत.

आता सविस्तर. तू वर्णन केलेलं काळं यंत्र आमच्याच कारखान्याचं आहे. मोजणीच्या खोलीतून ते बाहेर पडतं तेव्हा त्याच्या कागदावर माझी सही असते. ते दोन वॅट देतं यावर माझी सही आहे. दोन वॅट लागतात यावर नाही. ते वाक्य विक्रीवाल्यांचं.

एक वॅट म्हणजे हजार मिलिवॅट. साध्या हेडफोनला एक मिलिवॅट दिला तर कानाशी कुणी मोठ्याने बोलल्यासारखा आवाज येतो. मामीच्या वाचनाला त्याचा शंभरावा हिस्सा पुरे. आणि वॅटपेक्षा आधी व्होल्ट बघावेत. हेडफोनचा स्वतःचा अडथळा जास्त असेल तर व्होल्ट जास्त लागतात, कमी असेल तर कमी. तुझे जुने हेडफोन सहाशे ओहमचे होते, लहानपणी मी त्यांच्यावरचा आकडा वाचल्याचं आठवतं. देणगीतले बहुतेक बत्तीस ओहमचे असतील. त्यांना एक मिलिवॅट द्यायला व्होल्टचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. तुमचे प्लेअर एक व्होल्ट देतात. म्हणजे नव्या हेडफोनवर आवाज उलट वाढायला हवा होता.

म्हणून एक विचारते, रागावू नकोस. मामीचा तो श्वास ऐकू येत नाही असं तू लिहिलंस. मामा, कान तपासून घेशील का? आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, फार गोड बोलतात.

तुझी,
टाचणी


दि. १९ फेब्रुवारी

चि. टाचणी,

आशीर्वाद या खेपेला अर्धेच.

माझे कान ठणठणीत आहेत. शेजारच्या बिऱ्हाडात सुनेने मनातल्या मनात सासूला काय म्हटलं तेसुद्धा मला ऐकू येतं. आणि समज, माझे गेले. सुतारकाकांचं काय? तीन नंबरच्या टेलिफोनवाल्या बाईंचं काय? त्यांनी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांची कुजबुज ऐकण्यात काढली! बारा जणांचे चोवीस कान एकाच आठवड्यात बिघडले का गं? अशी साथ आली असती तर वर्तमानपत्रात छापून आलं असतं.

गोड बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. मला कडू बोलणारी भाची पुरे, पण तिने नीट विचार करून बोलावं.

मामा


दि. २७ फेब्रुवारी

ती. मामास नमस्कार.

चुकले. चोवीस कानांचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नाही. इथे सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, पोट धरधरून हसले.

आता अंदाज बंद, मोजमाप सुरू. सोबत एक मेमरी कार्ड पाठवते आहे. त्यात एकच एक सूर आहे, दहा मिनिटं, न थांबता. ते प्लेअरमध्ये घाल, आवाजाचं बटण पूर्ण फिरव, हेडफोन डब्यात लावलेला असू दे (डोक्यावर नको, टेबलावर). मग तुझ्या काट्याच्या मीटरने दोन जागी व्होल्ट मोज: आधी प्लेअरच्या तोंडाशी, मग डब्याच्या पलीकडे, हेडफोनच्या तारेवर.

हे आकडे मला कळव. आणि विक्रेत्याने ते यंत्र डब्यातूनच जोडलं होतं ना? नक्की आठव.

टाचणी


दि. ४ मार्च

चि. टाचणीस,

पुन्हा पूर्ण आशीर्वाद.

तुझा सूर वाजवला. काय भयाण कविता आहे ती! दहा मिनिटं एकच गुरू अक्षर, लघू औषधालाही नाही. आमच्या शाळेत व्याकरणाचे मास्तर असेच शिकवायचे. तरी वाचक येण्याआधी सकाळीच मोजलं.

प्लेअरच्या तोंडाशी एक व्होल्ट. हेडफोनच्या तारेवर काटा जागचा हललाच नाही म्हटलं तरी चालेल. मीटरची पट्टी बारीक केली तेव्हा कुठे व्होल्टचे तीन शतांश दिसले. दोन, सात आणि अकरा नंबरला मोजलं. सगळीकडे तेच.

यंत्र डब्यातूनच जोडलं होतं. मी स्वतः पिन घातली.

मध्ये फक्त डबे आहेत, आणि त्यांत काही नाही. तार आत जाते, तार बाहेर येते. डबे मी केले आहेत, मला माहीत असणारच. कापलेला पत्रा, कानशीने घासलेल्या कडा, आणि वर तुझ्या मामीने रंगाच्या जाड थेंबांनी काढलेले आकडे, बोटाला कळावेत म्हणून. त्या दिवसांत दुकानात स्टूल एकच होतं. ती त्यावर बसायची, मी जमिनीवर. ती थेंब वाळेपर्यंत कविता म्हणायची आणि म्हणायची, "हलवू नका, अजून ओली आहे." कविता ओली की डबा, ते मी कधी विचारलं नाही.

असो. डब्यांचा विषय नको. तू हेडफोनचं बघ.

मामा


दि. ९ मार्च

ती. मामास नमस्कार.

डब्यांचाच विषय आहे, मामा.

प्लेअर एक व्होल्ट देतो आणि हेडफोनला तीन शतांश मिळतात. उरलेला व्होल्ट कुठेतरी अडतोय. हेडफोन बत्तीस ओहमचा, तर वाटेत साधारण हजार ओहम बसलेले असले पाहिजेत. डब्यात नुसती तार नाही. वीज अडवायला बसवलेला हजार ओहमचा रेझिस्टर आहे. बाराही डब्यांत.

जुन्या हेडफोनना तो जाणवत नव्हता. ते स्वतःच सहाशे ओहमचे, म्हणून व्होल्टमधला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा त्यांना मिळायचा. बत्तीस ओहमवाल्याच्या पदरात काय पडणार?

आता हे नीट वाच. आमच्या यंत्राने दोन वॅट दिले म्हणजे बत्तीस ओहमवर आठ व्होल्ट दिले. ते आठ व्होल्ट तुझ्या डब्यातून गेले आणि पलीकडे किती उरले? पाव व्होल्ट. ज्या आवाजाला तुम्ही टाळ्या वाजवल्यात तो पाव व्होल्टचा होता. तो तर तुमच्या जुन्या प्लेअरजवळ आधीपासून आहे, चारपट आहे!

आणि ज्यामुळे मला झोप येईना ते हे: यंत्रं बसवायला माणूस येईल तेव्हा तो जुने डबे उपटून फेकेल आणि हेडफोन थेट यंत्राला लावेल. मग तेच बटण तेवढंच फिरवलं की आठच्या आठ व्होल्ट कानात. सुतारकाकांच्या कानात. ज्यांना जग कानांनीच दिसतं त्यांच्या कानात.

डबा उघड, मामा.

टाचणी


दि. १६ मार्च

ती. मामास,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. सभा चार दिवसांवर आली.

तू डबा उघडणार नसशील तर नको उघडूस. सोबत मी कारखान्याच्या कागदावर सगळं लिहून सही करून पाठवते आहे: एक मिलिवॅट पुरतो, दोन वॅट थेट कानाला लावणं धोक्याचं आहे, यंत्राची तुम्हाला गरज नाही. खाली माझं पद आहे. सभेत मोठ्याने वाच.

साहेबांना दाखवूनच पाठवते आहे, चोरून नाही. ते म्हणाले, "हा कागद बाहेर जाता कामा नये." मी म्हटलं, "मग दोन वॅट लागतात हे बाहेर कसं गेलं?" ते म्हणाले, "विचार करा, नोकरीचा प्रश्न आहे." मी विचार केला आणि पाकिटावर तिकीट चिकटवलं.

टाचणी


दि. २२ मार्च

चि. टाचणीस,

अनेक, अनेक आशीर्वाद. आता सगळं सांगतो. थोडं लांबेल, बसून वाच.

तुझं नऊ तारखेचं पत्र यायच्या आधीच मला आठवलं होतं. काटा तीन शतांशावर थांबला ना, तेव्हाच. तरी तुला 'डब्यांत काही नाही' असं लिहिलं. तुम्हा मुलांना खोटं बोलू नका म्हणून मी आयुष्यभर सांगितलं, आणि या वयात भाचीला खोटं लिहिलं. लाज वाटते.

खोली सुरू झाली त्या पहिल्याच महिन्यात कुणाचा तरी हात लागून एका प्लेअरचं बटण पूर्ण फिरलं. खुर्चीवर एक म्हातारी बाई होत्या, त्या कान धरून किंचाळल्या. तुझी मामी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "असं काहीतरी करा, की माझा आवाज कुणाच्या अंगावर हात उगारू शकणार नाही." मी बारा डब्यांत बारा रेझिस्टर टाकले. तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असलेले, म्हणजे हजार ओहमचे. त्या वेळच्या हेडफोनना ते बरोबर होते. तिने झाकणाच्या फटीवर वहीच्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली आणि म्हणाली, "आता हे उघडायचं नाही."

तिच्या हातची ती बारा पट्ट्यांची मोहर. ती फाडायची कशी, या विचारात आठ दिवस गेले. रोज डब्यासमोर बसायचो आणि शाळेतल्या मुलासारखं पुढची ओळ विसरायचो. शिवाय कार्यवाहांसमोर चूक कबूल करायची होती. 'आजोबांचं भंगार' हा त्यांचा आवडता शब्द, तुला माहीत आहे.

मग तुझा सही केलेला कागद आला. पोरगी नोकरी पणाला लावते आणि मी कागदाच्या पट्टीला घाबरतो! त्याच दुपारी चाकूच्या टोकाने सात नंबरची पट्टी सोडवली. फाटली नाही, टाचणे. डिंक इतका वाळला होता, की आपणहून निघाली.

बारा डबे दोन दिवसांत केले. रेझिस्टर नुसता काढून टाकला नाही. तिला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. हजाराच्या जागी शंभर टाकला. पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी. फक्त तिसरा पट्टा बदलला. आता प्लेअरचं बटण कुणी पूर्ण फिरवलं तरी हेडफोनला पाव व्होल्ट मिळतो, मीटरने पाहिलं. तेवढ्याला तर टाळ्या पडल्या होत्या! आणि तेवढा कुणाच्या अंगावर हात उगारत नाही.

आता सभा. मी म्हटलं, सभा श्रवणकक्षातच घ्या. वाचकांना निरोप गेला होता, कुणी दिला ते विचारू नकोस. बाराही जण वेळेआधी येऊन आपापल्या खुर्चीवर बसले. कार्यवाह, पाच सभासद आणि विक्रेता मधोमध उभे, कारण बसायला जागाच नव्हती. विक्रेत्याने यंत्र बगलेत धरलेलं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "दोष हेडफोनचा नाही, प्लेअरचा नाही. माझ्या डब्यांचा होता. मीच घातलेला, मीच काढला."

कार्यवाह म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आम्ही धावपळ करतोय ती तुमच्यामुळे?"

"हो. माझ्यामुळे. आता थांबवा."

विक्रेता हसला. "आजोबा, आवाजाला ताकद लागते."

"वजन उचलायचं असेल तर लागते," मी म्हटलं. "इथे कविता ऐकायची आहे." आणि सात नंबरचा हेडफोन कार्यवाहांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला. तुझ्या मामीचा तास चालू होता. दोन क्षणांनी त्यांनी हेडफोन कानापासून बोटभर दूर धरला. कमी पडतो म्हणणाऱ्याने तो दूर धरला हे सगळ्यांनी पाहिलं. ज्यांना पाहता येत नाही त्यांना टेलिफोनवाल्या बाईंनी सांगितलं. त्यांना कसं कळलं? म्हणाल्या, "श्वास दचकला त्यांचा."

मग तुझ्या साहेबांच्या यंत्राची पाळी. मी विक्रेत्याला म्हटलं, "हे थेट जोडा, डबा मध्ये नको, बटण त्या दिवशी होतं तिथेच ठेवा, आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावा." त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसं कशाला?" मी म्हटलं, "मग सुतारकाकांच्या कानाला का?" तो वायर गुंडाळायला लागला.

कार्यवाह मात्र सहज सोडणारे नव्हेत. म्हणाले, "ग्रंथालयाच्या मालमत्तेला ठरावाशिवाय हात लावलात?"

"झाकणं बंद केली तेव्हाही ठराव नव्हता," मी म्हटलं.

"मग किल्ली ठेवा."

ठेवली. बाहेर नोंदवहीच्या टेबलावर जाऊन ठेवली आणि परत येऊन दारात उभा राहिलो. ते म्हणाले, सभा तहकूब, खोली आजच्यापुरती बंद, सगळ्यांनी उठावं. कुणी उठलं नाही. त्यांनी आवाज चढवला. पुन्हा तेच सांगितलं, शब्दागणिक टेबलावर थाप मारत. बाराच्या बारा खुर्च्या जागच्या जागी, बारा डोक्यांवर हेडफोन.

सुतारकाकांनी एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला, त्यांच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाले, "साहेब, हळू बोला. इथे वाचन चालू आहे."

आणि काय सांगू तुला, कार्यवाहांनी आवाज उतरवला. चुकून उतरला असेल, पण उतरला. एकदा उतरल्यावर पुन्हा चढवायला त्यांना जमलं नाही. सभासद एकेक करून चपला शोधू लागले. चार खुर्च्यांचा ठराव कुणी मांडला नाही, म्हणून तो नापासही झाला नाही. तसाच कागदावर राहिला, चाल न लागलेल्या कवितेसारखा.

तुझा सही केलेला कागद मी सभेत वाचला नाही. घडी न मोडता या पाकिटात परत पाठवतो आहे. रागव, खुशाल रागव. पण डबे माझे होते, चूक माझी होती, आणि माझ्या चुकीच्या जागी तुझ्या नोकरीचा रेझिस्टर मी बसवणार नाही. साहेबांना सांग, कागद बाहेर गेला होता आणि आता परत आला. पुढच्या वेळी विक्रीवाल्यांनी 'लागतात' लिहिलं तर तो त्यांच्या टेबलावर ठेव. तिथे त्याची जास्त गरज आहे.

सभा झाल्यावर सगळे गेले, तेव्हा मी सात नंबरला बसलो. मंदाक्रांता लावली. चार अक्षरं, आणि मग तिचा श्वास. अगदी कानाशी. त्यासाठी किती व्होल्ट लागले ते मोजलं नाही.

मामीच्या बारा पट्ट्या शाळेच्या कवितांच्या पुस्तकात ठेवल्या आहेत. डब्यांवर नव्या पट्ट्या लावायच्या आहेत. तू आलीस की आत किती ओहम आहेत ते त्यांवर तू लिही, पुढच्या माणसाला कळायला हवं.

किल्ली अजून नोंदवहीच्या टेबलावरच आहे. ती न्यायला कुणी आलं नाही. मी रोज सकाळी तिथूनच उचलतो, दार उघडतो, बारा खुर्च्या पुसतो आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच ठेवतो.

तुझा,
मामा